हिरव्या दिव्याखालची बाई

"खोली दोन. मानांक त्रेचाळीस. माफी मागा."

कानातली कुडी, म्हणजे दवाखान्यानं दिलेलं बारीक बोलतं यंत्र, बोलली तेव्हा सिस्टर करुणा साळवे अकरा नंबरच्या खाटेकडे निघाली होती. ती थांबली, वळली आणि खोली दोनकडे चालू लागली. सुरुवातीच्या दिवसांत अशा वेळी ती निदान कपाळाला हात तरी लावायची. आता तेवढंही होत नसे. पाय आपले वळायचे, आणि पायांबरोबर ती.

खोली दोनमध्ये बापूसाहेब गवांदे खिडकीकडे तोंड करून पडले होते. साखर कारखान्याचे माजी चेअरमन, वय झालेलं, खुब्याचा सांधा नुकताच बदललेला. त्यांच्या उशाशी भिंतीवर एक छोटा दिवा होता. तो लाल झाला होता.

"माफ करा बापूसाहेब," करुणा म्हणाली.

"कशाबद्दल हो?"

ते करुणालाही माहीत नव्हतं. कुडी कारण सांगत नसे. "काही कमी-जास्त झालं असेल तर."

"अहो सिस्टर, मी तुम्हाला बोलावलंसुद्धा नाही!" बापूसाहेब ओशाळून म्हणाले. "त्या चहावाल्या मुलीनं कप जरा आपटून ठेवला, एवढंच. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. विचारा तिला हवं तर." मग त्यांनी आपल्या मनगटावरच्या निळसर पट्टीकडे पाहिलं. "ही बया माझी चुगली करते बघा."

करुणा उभीच राहिली. खुर्ची शेजारीच होती, पण या खोलीत बसायचं नसतं, बसलं की आकडा उतरतो, हे कुडीनं तिला शिकवलं होतं. ती उभी आहे, तिची मान जराशी खाली आहे, हे बापूसाहेबांच्या डोळ्यांनी टिपलं की नाही कोण जाणे, त्यांच्या अंगानं मात्र टिपलं. दिवा पिवळा झाला, मग हिरवा झाला. बापूसाहेबांनी ते पाहिलं आणि तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं. भल्या माणसाला लाजच वाटली असणार.

आता ही मानपट्टी काय भानगड आहे ते सांगायला हवं.

पूर्वी रुग्ण घरी जायला निघाला की त्याच्या हातात कागद द्यायचे. "तुम्हाला आदराने वागवले गेले का?" माणूस बिचारा सुटल्याच्या आनंदात असायचा, तो कशाला वाकड्यात शिरतोय? लिहायचा, उत्तम. श्रीरंग बेंद्रे नावाच्या अभियंत्याच्या वडिलांनीही तसंच लिहिलं होतं. शाळामास्तर होते ते. तपासणीच्या वेळी चारचौघांत त्यांचं धोतर फेडलं, वर "ए म्हाताऱ्या, हलू नको" म्हणून दरडावलं. कागदावर "उत्तम" लिहून मास्तर घरी आले, आणि पुढे कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. श्रीरंगनं तेव्हा ठरवलं की माणसाला विचारायचंच नाही, त्याच्या अंगाला विचारायचं.

अपमान झाला की अंग खोटं बोलत नाही. तळहाताला किंचित घाम फुटतो, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, नाडीचा ठेका बिघडतो. भीतीनंही हे होतं आणि दुखण्यानंही होतं, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. श्रीरंगनं वर्षानुवर्षं घालवून त्या गर्दीतून अपमानाची खूण वेगळी काढली. भीती वगळली, दुखणं वगळलं आणि जे उरलं त्याचा शून्य ते शंभर असा आकडा केला. तोच मानांक. पुढे सरकारनं दवाखान्यांची प्रतवारीच या आकड्यावर ठरवायला सुरुवात केली, आणि रातोरात सगळ्यांच्या जिभा गोड झाल्या.

खोटं कशाला बोला, दवाखाने सुधारले. "ए", "अगं ए" बंद झालं. तपासायच्या आधी पडदे ओढले जाऊ लागले. गोदाकाठच्या या कारखान्याच्या रुग्णालयात तर रुग्णांना अहो-जाहो केल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नसे. दुखलं तर त्याची नोंद वेगळी. त्यासाठी प्रत्येक खाटेला घंटी होती. मानाचं मात्र पट्टी आपण होऊन बघायची.

एक अडचण होती. सगळ्यांची अंगं सारखी नसतात. म्हणून भरती करताना प्रत्येक रुग्णाचा आधी पाया घालायचा. पट्टी बांधायची आणि त्याला दोन गोष्टी आठवायला सांगायच्या. आयुष्यात सर्वांत मोठा मान मिळाला तो प्रसंग, आणि सर्वांत मोठा अपमान झाला तो. पहिला म्हणजे शंभर, दुसरा म्हणजे शून्य, आणि मधल्या पायऱ्या यंत्र पाडायचं. बापूसाहेबांना पहिला प्रसंग आठवायला वेळ लागला नव्हता. कारखान्याची वार्षिक सभा होती, ते मंडपात शिरले, आणि अख्खा मंडप उठून उभा राहिला. हे त्यांचे शंभर. आता चहा आणणारी एकटी मुलगी त्या मंडपापुढे कशी पुरी पडणार? दिवसातून कितीतरी वेळा दिवा लाल व्हायचा, कुडी बोलायची आणि करुणा जायची.

"माफ करा" हे दोन शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते की घरी दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, माफ करा. तिची मुलगी एस्तेर हसून लोळायची. "आई, गॅसची माफी मागितलीस! आता फ्रिजला वाईट वाटेल." करुणाही हसायची. हसायची वेळ आहे हे तिला कळायचं.

तर ती अकरा नंबरच्या खाटेकडे निघाली होती.

अकरा नंबरवर कौसाबाई ढाकणे होती. पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या टोळीतली. आता मोठमोठ्या फडांत तोडणीची यंत्रं चालतात. यंत्र जिथं वळत नाही त्या बांधालगतच्या कोपऱ्यातला ऊस तेवढा माणसं तोडतात. तिथंच ट्रॉलीवर मोळी चढवताना शिडी सटकली, कौसाबाई खाली आली, वरून मोळी आली. नडगीचं हाड मोडलं. आदल्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी हाड बसवून गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं होतं, आणि बजावून गेले होते, "सिस्टर, सूज येणार. बोटांवर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायचं म्हणजे जवळ जायचं, बोटं हलवायला सांगायची, हात लावून गार की गरम बघायचं. पूर्वी खाटांच्या क्रमानं फेरी व्हायची, तेव्हा ते आपसूक व्हायचं. आता फेरी दिव्यांच्या क्रमानं होती. लाल आधी, मग पिवळा. वॉर्डात एक रीतच पडली होती, हिरव्याला उठवू नये. हिरवा म्हणजे माणूस समाधानात आहे, निजू दे. आणि कौसाबाईचा दिवा भरती झाल्यापासून हिरवागार होता. नव्वदच्या खाली आकडा आलाच नव्हता. मेट्रनबाई तर कौतुकानं म्हणाल्या होत्या, "अकरा नंबर आपला वॉर्ड तारणार बघा या महिन्यात."

बापूसाहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर करुणा पुन्हा अकराकडे वळली. तेवढ्यात सात नंबर पिवळा झाला. तिथून निघते तर पुन्हा खोली दोन. जाता जाता वॉर्डाच्या दारातूनच तिनं हाक दिली, "कौसाबाई, बरंय ना?"

"बरं हाय बाई! मला काय धाड भरलीय?" कौसाबाईनं आडवं पडल्या पडल्याच हात जोडले.

दिवा हिरवाच होता. करुणा गेली.

चारचा चहा वाटून झाला तेव्हा कुठं ती अकरा नंबरपाशी पोचली. कौसाबाईचा कप भरलेला तसाच होता, वर साय धरलेली. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण चेहरा हसरा होता.

"चहा का नाही घेतला?"

"घेते की. आता जरा बरं वाटतंय." कौसाबाई हळूच म्हणाली, जणू गुपित सांगतेय. "सकाळपून पाय असा ठणकत व्हता बाई, काय सांगू! जीव जातो का ऱ्हातो. आन मघाच्यानं गप झाला बघा. एकदम गप. जसा काय न्हाईच."

करुणानं चादर वर केली. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं निळी-काळी पडली होती. तिनं हात लावला. माठाला लावावा तशी गार.

"बोटं हलवा."

"हालवलीच की."

बोटं हलली नव्हती. करुणानं अंगठा चिमटीत धरून दाबला. "दुखतंय?"

"काय?" कौसाबाईनं विचारलं. तिला कळलंच नव्हतं.

"घंटी का नाही वाजवली तुम्ही? ही काय, हाताशी आहे!"

"आवं, वाजवली तर तुम्ही पळत येताल. तुम्हाला किती कामं. मघाशी इचारून गेल्या की तुम्ही." आणि वर ती करुणालाच समजावू लागली, "व्हतंय बरं. नका घाबरू."

आत सूज वाढत होती आणि बाहेर प्लास्टर हटत नव्हतं. मधल्या मध्ये नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या जात होत्या. असा पाय काही तासांत मरतो, आणि त्यातले किती तास गेले होते देव जाणे. करुणानं डॉक्टरांना फोन लावून निरोप दिला, ड्रेसिंगच्या खोलीतून प्लास्टर कापायची करवत आणली, आणि खाटेवरच बसली. उभ्यानं ते जमणार नव्हतं. तिनं कौसाबाईचा जड पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि करवत सुरू केली.

"खोली दोन," कुडी म्हणाली. "मानांक अडतीस. माफी मागा."

पांढरी भुकटी उडत होती. चिरेच्या कडेकडेनं आतला कापूस दिसायला लागला.

"खोली दोन. मानांक छत्तीस. उशीर होत आहे. माफी मागा."

करुणानं एका हातानं कुडी काढली आणि ट्रेमध्ये टाकली. ट्रेमध्ये ती बारीक आवाजात माफी मागा, माफी मागा म्हणत राहिली. दुसऱ्याच कुणाचे हात काम करताहेत आणि आपण बघतोय, असं करुणाला वाटत होतं, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही याचं मात्र आश्चर्य वाटत होतं. प्लास्टर उभं उकललं तेव्हा डॉक्टर मुजावर दारातून धावत आत आले, पाय बघून त्यांनी एक शिवी हासडली, आणि खाट तशीच शस्त्रक्रियागृहाकडे ढकलत नेली. वॉर्डातले दिवे खाटेच्या दांडीलाच लावलेले होते, त्यामुळे खाटेबरोबर दिवाही गेला. तो हिरवा होता.

पाय वाचला. पोटरीवर उभे छेद देऊन डॉक्टरांनी आतला दाब मोकळा केला, रक्त फिरलं, बोटांना रंग आला. पण घोट्याखाली जाणीव नव्हती. पाऊल वर उचलत नव्हतं.

"नस चेपली गेलीय," मुजावर म्हणाले. "जागी होईल, किंवा नाही होणार. दुखायला लागलं तर समजायचं जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी श्रीरंग बेंद्रे आला. दवाखान्यात मानकक्ष म्हणून एक खोली होती, तिथं त्यानं करुणाला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. पडद्यावर कौसाबाईच्या त्या दिवसाचा आलेख होता. वरच्या रेघेला लागून एक जवळजवळ सपाट रेषा.

"यंत्र चुकलं असेल म्हणून मी रात्रभर तपासत होतो," तो म्हणाला. "चुकलेलं नाही. बाईला खरंच काही खटकलं नाही." मग त्यानं त्या रेषेतल्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. "इथं तर सत्त्याण्णव आहे. दिवसभरातला सर्वांत मोठा आकडा. दुपारी काय केलं होतं तुम्ही?"

करुणानं आठवून पाहिलं. "काही नाही. दारातून विचारलं, बरंय ना."

"एवढंच?"

"एवढंच. आत पण गेले नाही."

श्रीरंगनं भरतीच्या वेळी पाया घालतानाचं ध्वनिमुद्रण लावलं. आधी करुणाचाच आवाज आला, भरभर, दमलेला: "आजवर सगळ्यात मोठा मान कधी मिळाला ते आठवा. काहीही चालेल, पटकन आठवा." मग ट्रॉलीची चाकं, कुणाचा तरी खोकला. मग कौसाबाई:

"मान? मला कुठला ओ मान... हां. एकदा मुकादम म्हनला व्हता. लई ऊन व्हतं, मला गरगरलं. तर म्हनला, कौसे, बस जरा सावलीत."

"पाया निश्चित," यंत्राचा आवाज.

श्रीरंगनं ते बंद केलं. हे वाक्य आपल्या देखत बोललं गेलं होतं, आपण शेजारी उभ्या होतो आणि आपल्याला ऐकूसुद्धा आलं नव्हतं, हे करुणाच्या ध्यानात आलं. आता आपल्याला रडू यायला हवं, असंही तिला वाटलं. ते काही आलं नाही.

"सावलीत बस म्हणाला, हे तिचे शंभर," श्रीरंग म्हणाला. "आपण तिला ओल्या चादरीवर टाकून ठेवली असती तरी दिवा हिरवाच राहिला असता. सावली तर होतीच." त्यानं डोळे चोळले. "मला वाटायचं, माझे वडील गप्प बसले तेवढंच वाईट. गप्प बसायलासुद्धा आधी मनाला काहीतरी लागावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आमच्या हाताला कधी बांधणार हे?" करुणानं विचारलं.

"कर्मचाऱ्यांचं ना? पुढच्या टप्प्यात आहे."

"हं," करुणा म्हणाली.

"बाईंचा पाया नव्यानं घालू. तुम्हीच घाला. या वेळी घाई नको."

त्यानंतर करुणा रोज थोडा वेळ कुडी खिशात ठेवून अकरा नंबरपाशी खुर्ची ओढून बसू लागली. मेट्रनबाईंनी एकदा हटकलं. करुणा बरं म्हणाली आणि पुन्हा बसली. ती कौसाबाईचा पाय चोळायची, बोटं वर-खाली करायची. "अहो कौसाबाई, जेवलात का?" असं तिनं पहिल्यांदा शेजारी बसून, डोळ्यांत बघून विचारलं तेव्हा एक मजाच झाली. तो दिवा, जो मरणाच्या दारात हिरवा होता, तो पिवळा झाला.

"मला नका ओ जेवलात-बिवलात करू," कौसाबाई आंबट तोंड करून म्हणाली. "कुणाला तरी दुसऱ्याला बोलताय असं वाटतंय. मागं बघावंसं वाटतंय, कोन आलंय म्हून."

सवयीबाहेरचा मान अंगाला अपमानासारखाच टोचला होता. करुणानं तरी अहो सोडलं नाही. दोन-चार दिवसांत दिवा पुन्हा हिरवा राहू लागला.

मग एका दुपारी तिनं पट्टीचं बटण दाबलं आणि तोच प्रश्न विचारला, पण सावकाश. कौसाबाई छताकडे बघत राहिली. करुणानं घाई केली नाही.

"सांगू? हसताल."

"नाही हसणार."

"त्या दिशी तुम्ही मपला पाय मांडीवर घेतला. प्लाश्टर कापताना." कौसाबाई तिच्याकडे न बघता बोलत होती. "मी मनात म्हनलं, आगं बया, ही बाई पांढऱ्या कापडावर पाय घेती माझा! निस्त्या भेगा आन माती. लोकं देवाचा पाय घेत नसतीन असा. मपल्या आयीनं तरी कवा घेतला आसंल का, काय म्हाईत. लेकरू व्हते तवा घेतला आसंल."

"पाया निश्चित," पट्टीतून आवाज आला.

करुणा उठून बाहेर गेली आणि हात धुण्याच्या नळापाशी उभी राहिली. आत कुठंतरी काहीतरी हललं होतं. ते बरं वाटतंय की वाईट, हे तिला सांगता आलं नसतं; इतक्या दिवसांनी हललं एवढंच कळलं.

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या मामानं जेवणाचं ताट अकरा नंबरच्या मेजावर सरकवलं. मुद्दाम नव्हे, घाईत, रोजच्यासारखंच. वरण जरा चादरीवर सांडलं. "अकरा, ताट घ्या," असं म्हणून तो पुढे गेला. कौसाबाईचा दिवा लाल झाला.

कौसाबाईच घाबरली. "आवं, म्या काय बी केलं न्हाई! मी बोलले का काय त्याला? इचारा!"

"तुम्ही काही नाही केलं," करुणा म्हणाली. बापूसाहेबही खोली दोनमध्ये असंच म्हणाले होते, हे तिला आठवलं.

"मंग मला असं का व्हतंय?" कौसाबाईनं गळ्याखाली हात धरला. "रोजच असं ताट येतंय की."

दिवस जाऊ लागले तसा कौसाबाईचा दिवा वर-खाली होऊ लागला. आता कुडी अकरा नंबरसाठीही बोलायची. कौसाबाईला गोष्टी दिसू लागल्या होत्या. पलीकडच्या बाईला चादर बदलून मिळाली, आपल्याला नाही. डॉक्टर तिच्या पायाशी बोलतात, तिच्याशी नाही. एकदा मामानं अकरा म्हणून हाक मारली तेव्हा ती उशीवर सरळ होऊन म्हणाली, "मला नाव हाय. कौसाबाई." सगळा वॉर्ड वळून बघू लागला. मामा गोरामोरा झाला आणि म्हणाला, "चुकलं कौसाबाई." करुणाला मनापासून आनंद झाला. एस्तेरला तिनं ते घरी गेल्यावर तीनदा सांगितलं.

आणि त्याच सुमारास पायाला मुंग्या आल्या. मग आग व्हायला लागली, मग कळा. कौसाबाई रात्र-रात्र दात-ओठ खाऊन पडू लागली. मुजावर मात्र बोटं दाबून तिला कळवळताना बघून खूश. "दुखतंय? छान! अजून दुखू दे. नस जागी होतेय तुमची."

"डाक्टर येडं हाय का ओ?" कौसाबाईनं करुणाला विचारलं, आणि दोघी हसल्या.

घरी सोडायचा दिवस आला. घर कुठलं, टोळीच्या तळावरची पाचटाची कोपीच. हंगाम संपायला अवकाश होता. नवरा फडावर होता म्हणून तिला न्यायला मुकादम आला; रामनाथ नावाचा, पांढरी टोपी घातलेला, हातात केळ्यांची पिशवी. माणूस वाईट नव्हता. पाय मोडला त्या दिवशी आपल्या जीपमध्ये घालून यानंच तिला इथं आणलं होतं. कधीकाळी सावलीत बस म्हणाला होता तोही हाच.

"काय कौसे, झाली का हौस खाटंवर लोळायची?" तो दारातूनच हसत म्हणाला. "चल, उरक. तुझ्यापायी माझा अर्धा कोयता मोकळा पडलाय. मोळी नाही जमली तर वाढं तरी बांध बसून."

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. नवरा-बायको मिळून तोडणीचा एक कोयता धरतात. बाई म्हणजे त्यातला अर्धा. टोळीत सगळे असंच बोलतात, त्यात शिवी काही नसते.

दिवा लाल झाला. आजवर झाला नव्हता इतका गडद. रामनाथला त्यातलं काही कळलं नाही. तो केळी मेजावर ठेवून कागदांवर अंगठा द्यायला खिडकीकडे गेला.

करुणा पट्टी सोडायला खाली वाकली. कौसाबाईचं मनगट घामानं ओलं होतं.

"ताई," कौसाबाई म्हणाली. इतके दिवस ती बाई म्हणायची. "एक इचारू का?"

"विचारा ना."

"ह्यो मानूस पंधरा वर्सं मला कौसे म्हनतो. आर्धा कोयता म्हनतो. कवाच काय वाटलं न्हाई. आज म्हनला, आन हितं कुनीतरी डागनी दिल्यावानी झालं." तिनं छातीवर हात ठेवला. "पाय दुखतोय त्येचं ठीक हाय, डाक्टर म्हनले ती नस जागी झाली. पायाचं कमी व्हईल. पर ह्येचं काय? तिथं तर सगळेच तसं बोलत्यात. दिस उगवल्यापून मावळंपत्तुर. कोपीत बी, फडात बी. मपला मालक बी तसंच बोलतोय."

करुणानं तोंड उघडलं. सवयीनं माफ करा हेच ओठांवर आलं. या वेळी ते खरं होतं, म्हणूनच की काय, तिला ते उच्चारता येईना.

"तुमी पाया घातला ना नवा?" कौसाबाईनं खाली आवाजात विचारलं. खिडकीकडून रामनाथ हाका मारत होता. "आधीचा, त्यो सावलीचा, परत घालून देता येतो का? जायच्या आधी?"

करुणाच्या खिशात कुडी पुटपुटू लागली. खोली दोन. पट्टी सुटली तसा अकरा नंबरचा दिवा विझला. कौसाबाई कुबडीवर रेलून उत्तराची वाट बघत उभी होती. यंत्रातला जुना पाया परत घालता आला असता, पण तो यंत्रातच राहिला असता. माणसात कसा घालायचा ते श्रीरंगला ठाऊक नव्हतं. करुणाला ठाऊक होतं. रोज थोडं थोडं कसं बधिर व्हायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची, कुठं बघत उभं राहायचं, हे तिच्याइतकं या दवाखान्यात कुणालाच येत नव्हतं. पण ते या बाईला शिकवायचं का?